गिधाडाचं मूत्रपिंड, तळ्याचं पाणी आणि आपलं शरीर: निसर्गातल्या साखळ्यांमधून आरोग्याबद्दल काय शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘निसर्गात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं’ हे आपण सतत ऐकतो. त्यातून माणसाच्या आरोग्यासाठी प्रत्यक्ष उपयोगी पडेल असं काही निघतं का, की ते नुसतंच ऐकायला बरं वाटणारं वाक्य आहे?

निघतं, आणि पुष्कळ निघतं. मात्र ‘जोडलेलं आहे’ एवढ्यावर थांबलं तर हाती काहीच लागत नाही. कोण कुणाशी जोडलेलं आहे, कशाच्या मार्फत, आणि एका टोकाला धक्का दिला तर दुसऱ्या टोकाला तो किती दिवसांनी पोचतो, हे तीन प्रश्न विचारले तरच त्या वाक्याला अर्थ येतो. पर्यावरणशास्त्रज्ञ जंगलाबद्दल किंवा तळ्याबद्दल हेच तीन प्रश्न विचारतात. ते रुग्णाबद्दल विचारले की कितीतरी कोडी सुटतात.

सुरुवात गिधाडांपासून करतो, कारण त्या घटनेत औषध, प्राणी आणि मूत्रपिंड एकाच साखळीत आले होते. १९९० च्या दशकापासून दक्षिण आशियातली गिधाडं झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. आधी एखाद्या विषाणूचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरं कारण पुढे आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मरणाच्या थोडं आधी हे औषध मिळालेल्या जनावराचं मांस गिधाडाने खाल्लं की काही दिवसांत त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं आणि यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा थर जमायचा. दर १०० मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरात औषध असलं तरी एवढी घट व्हायला ते पुरेसं होतं, कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी वापरायला बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय तोवर सापडला होता.

यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. औषध योग्य होतं, जनावराची वेदना खरी होती. नुकसान झालं ते तिसऱ्याच ठिकाणी, जिथे कुणी पाहत नव्हतं. माणसाच्या औषधोपचारात नेमकी हीच गोष्ट रोज घडते, आणि बरेचदा त्याच डायक्लोफेनॅकमुळे.

मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळायला लागणारा दाब या दोघींच्या रुंदीवर ठरतो. शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन या रसायनाच्या मदतीने आत येणारी धमनी उघडी ठेवतं आणि अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या मदतीने बाहेर जाणारी आवळतं, म्हणजे दाब टिकतो. आता औषधं बघा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं पहिली सोय बंद करतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधं दुसरी सोय सैल करतात. लघवी वाढवणारी गोळी एकूण पाणीच कमी करते. निरोगी मूत्रपिंड यातलं एखादं सहज सोसतं, बऱ्याचदा दोनही. पण तिन्ही एकत्र चालू असताना दोन दिवस जुलाब झाले, किंवा कडक उन्हात पाणी कमी प्यायलं गेलं, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) बघता बघता चढतं. त्या रुग्णाच्या तिन्ही गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि वेगवेगळ्या पाहिल्या तर प्रत्येक बरोबरच असते. म्हणून या गटातली रक्तदाबाची गोळी सुरू केली किंवा वाढवली की १ ते २ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर ते बहुधा चालतं, त्याहून जास्त वाढलं तर कारण शोधावं लागतं. उलट्या-जुलाबाच्या दिवसांत कोणती गोळी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावं. आजारी पडल्यावर स्वतःच्या मनाने सगळ्याच गोळ्या बंद करणं हाही धोकाच आहे.

आणखी एक साखळी अगदी जवळून बघण्यासारखी आहे, कारण ती फिरून स्वतःलाच येऊन मिळते. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं. काही जणांचे घोटे सुजतात, १० मिलिग्रॅमच्या मात्रेला जास्त. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे आलेली नसते. बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, म्हणून द्रव बाहेर झिरपतो. पण सूज दिसली की लघवीची गोळी दिली जाते. सूज फारशी उतरत नाही, युरिक आम्ल मात्र वाढतं. काही महिन्यांनी पायाचा अंगठा लाल होऊन ठणकतो, म्हणजे गाउट. त्यासाठी वेदनाशामक सुरू होतं. वेदनाशामक मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो. मग अॅम्लोडिपिनची मात्रा वाढते. एका गोळीच्या तीन गोळ्या झाल्या आणि रक्तदाब होता तिथेच. हे वर्तुळ पहिल्याच कडीवर तोडायला हवं: अॅम्लोडिपिनची मात्रा कमी करणं, दुसरा गट निवडणं, किंवा रॅमिप्रिल अथवा टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध जोडीला देणं. हा गट शिराही रुंदावतो, त्यामुळे सूज बरेचदा उतरते.

हे ओळखायचं कसं? एका कागदावर दोन उभे रकाने करा. डावीकडे प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख. उजवीकडे प्रत्येक तक्रार आणि ती पहिल्यांदा जाणवल्याची तारीख. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, जीवनसत्त्वं, काढे, मलमं सगळं लिहा. मग प्रत्येक तक्रारीच्या आधीच्या ३ महिन्यांत काय सुरू झालं किंवा काय बंद झालं ते बघा. ‘बंद झालं’ हा भाग हमखास राहून जातो. आम्लपित्ताची गोळी कित्येक महिने घेऊन अचानक सोडली तर काही आठवडे आम्ल आधीपेक्षा जास्त सुटतं. तो मूळ आजार उसळला असं वाटतं आणि गोळी जन्मभर चिकटते. ती हळूहळू कमी केली तर बहुतेकांना हा त्रास सोसता येतो. असा कागद घेऊन गेलं की दहा मिनिटांच्या भेटीतही डॉक्टरांना साखळी दिसते.

शरीराच्या आतलं खरंखुरं परिसंस्थेसारखं ठिकाण म्हणजे मोठं आतडं. इथे तुलना करण्याचीही गरज नाही, तिथे अक्षरशः सजीवांचा समाज नांदतो. २०१६ च्या मोजणीनुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या समाजाचं अर्थशास्त्र समजलं की आतड्याबद्दलचे निम्मे गैरसमज दूर होतात.

आपल्याला न पचणारा तंतुमय भाग मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा या ब्युटिरेटपासून मिळवतात. ते जाळताना त्या रक्ताकडून आलेला प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ पोचतच नाही. आणि प्राणवायू नसलेली हीच जागा ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना जगायला लागते. म्हणजे जिवाणू पेशींना पोसतात आणि पेशी जिवाणूंसाठी घर राखतात. आता प्रतिजैविकाने हे जिवाणू मेले की ब्युटिरेट घटतं, पेशी दुसऱ्या इंधनाकडे वळतात, प्राणवायू पोकळीत झिरपू लागतो आणि प्राणवायू चालणारे जिवाणू, उदाहरणार्थ साल्मोनेला, तिथे फोफावतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ही साखळी कडी-कडीने दाखवली गेली आहे. त्या उपद्रवी जिवाणूची ताकद वाढलेली नसते, त्याला अडवणारी परिस्थिती मोडलेली असते.

क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूचे जुलाब हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. प्रतिजैविकांनंतर होणारा हा आजार पुन्हा प्रतिजैविक देऊन बरा करायचा आणि तो परत उलटायचा, असं वर्षानुवर्षं चालायचं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीवाटे रुग्णाच्या आतड्यात सोडले. १६ पैकी १३ जण एकाच खेपेत बरे झाले. फक्त व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक मिळालेल्या १३ पैकी ४. फरक एवढा मोठा होता की चाचणी मधेच थांबवावी लागली. यामागची एक कडी पित्ताम्लांची आहे: यकृतातून येणारी मूळ पित्ताम्लं या जिवाणूच्या बीजाणूंना रुजायला मदत करतात, तर निरोगी आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करून जी दुय्यम पित्ताम्लं बनवतात ती त्याची वाढ रोखतात. हा उपचार घरी करून बघण्याचा नाही. दात्याची कसून तपासणी न केल्याने जीवघेणे संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.

रोजच्या वापरासाठी यातून काय घ्यायचं? पहिली गोष्ट म्हणजे विषाणूजन्य सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक नको. दुसरी, लागलंच तर सांगितलेले दिवस आणि सांगितलेली मात्रा. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या नाहीत. तिसरी, कोर्सनंतर जिवाणूंच्या कॅप्सूल सरसकट घेऊ नका. २०१८ च्या इस्रायलमधल्या अभ्यासात अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये मूळचा समाज परत यायला उलट जास्त वेळ लागला. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली. जंगलतोडीनंतर एकाच जातीची रोपं लावली की मूळ झाडोऱ्याचं जे होतं, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

चौथी आणि मुख्य गोष्ट म्हणजे तंतुमय आहार. प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम हवा. तो एकदम वाढवला की पोट फुगतं, गुबारा धरतो आणि लोक आठवड्यात सोडून देतात. कारण साधं आहे: आंबवणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि त्यांच्यानंतर वायू वापरणाऱ्या जिवाणूंची संख्या यांचा मेळ बसायला वेळ लागतो. म्हणून दर आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा. शिजलेल्या कडधान्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम, सालासकट १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे अडीच ग्रॅम, असा हिशेब धरता येतो. पाणी त्याबरोबर वाढवा, नाहीतर मल घट्ट होतो. पहिले दोन-तीन आठवडे थोडा वायू होणार, ते बिघाडाचं लक्षण नाही. एकाच गोष्टीची भुकटी रोज घेण्यापेक्षा धान्य, कडधान्य, भाजी, फळं, बिया असे प्रकार बदलते ठेवा. वेगवेगळ्या तंतूंवर वेगवेगळे जिवाणू जगतात. ज्यांच्या आतड्यात अरुंदपणा आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा मलातून रक्त जातं, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

आता वेळेचा प्रश्न. निसर्गात कारण आणि परिणाम यांच्यामध्ये अंतर असतं. उत्तर अमेरिकेतल्या ससे आणि लिंक्स रानमांजरांची संख्या सुमारे १० वर्षांच्या चक्राने वरखाली होते, कारण ससे वाढल्यावर लिंक्स वाढायला वेळ लागतो आणि घटल्यावर घटायलाही. शरीरात हा उशीर न ओळखता घाईने मात्रा बदलली की चढउतार आपणच निर्माण करतो. थायरॉइडची गोळी हे ठळक उदाहरण. तिचा अर्धायुष्य काळ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ७ दिवस आहे, म्हणजे रक्तातली पातळी स्थिरावायलाच ५-६ आठवडे जातात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ६ ते ८ आठवड्यांनी तपासायचं. दोन आठवड्यांनी तपासून पुन्हा मात्रा बदलली की आज जास्त, उद्या कमी असा झोका सुरू होतो आणि आजारच विचित्र आहे असं वाटू लागतं. मधुमेहाची एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची साधारण ३ महिन्यांची सरासरी दाखवते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या लवकर फुटत असतील तर आकडा खोटा कमी येतो, लोहाच्या कमतरतेत खोटा जास्त येऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांचंही तेच: हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला आणखी ३ महिने लागतात. बरं वाटलं म्हणून आधीच थांबवलं की वर्षभरात तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन परत येतो.

उथळ तळ्यांचा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खतातलं फॉस्फरस तळ्यात येत राहतं, पण बरीच वर्षं पाणी नितळ दिसतं. पाणवनस्पती ते शोषत असतात. एका मर्यादेपलीकडे शेवाळ पसरतं, उजेड तळापर्यंत जात नाही, पाणवनस्पती मरतात, गाळ ढवळतो आणि तळं काही काळातच गढूळ होऊन बसतं. नंतर फॉस्फरस आधीच्या मर्यादेपर्यंत खाली आणलं तरी पाणी नितळ होत नाही. त्याच्या बरंच खाली आणावं लागतं.

टाइप २ मधुमेह असाच येतो. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून वर्षानुवर्षं साखर आटोक्यात ठेवतं, तपासण्या ‘नॉर्मल’ येतात. निदान होईपर्यंत इन्शुलिन बनवण्याची क्षमता बरेचदा निम्म्यावर आलेली असते. परतीची वाटही तळ्यासारखीच चढाची. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, रुग्णांनी ३ ते ५ महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा आहार देखरेखीखाली घेतला. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत ८६ टक्के. या चाचणीत मधुमेह होऊन ६ वर्षांपेक्षा जास्त झालेले रुग्ण घेतलेच नव्हते. दोन-तीन किलो उतरवून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या माणसाने आणि त्याच्या डॉक्टरांनी हे आकडे समोर ठेवावेत. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना असा आहार स्वतः सुरू करू नये, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

तळं कोसळायच्या आधी एक खूण दिसते: लहान धक्क्यातून सावरायला त्याला जास्त वेळ लागू लागतो. माणसातही विश्रांतीतल्या आकड्यापेक्षा सावरण्याचा वेग जास्त बोलका असतो. पाच मिनिटं आडवं राहून रक्तदाब घ्या, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते नोंदवण्यासारखं आहे, विशेषतः वयस्कर माणसात, कारण पडण्याचा धोका तिथे असतो. व्यायाम-चाचणीत वेग अगदी कमी करून चालत राहताना पहिल्या मिनिटात नाडी १२ ठोके किंवा त्याहून कमी उतरली तर हृदयाकडे नीट बघावं लागतं. बीटा-ब्लॉकर ही नाडी मंदावणारी औषधं घेणाऱ्यांत हा आकडा जपून वाचायचा.

प्रत्येक परिसंस्थेत एखादा घटक असा असतो की तो काढला तर बाकी डोलारा बसतो. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्यावरून एकाच जातीचे समुद्रतारे काढून टाकले आणि तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या, कारण शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली. आरोग्यात ही जागा मी झोपेला देईन. १९९९ मधल्या अभ्यासात ११ निरोगी तरुणांना ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिलं, तेवढ्यानेच त्यांची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. तीन औषधांनीही रक्तदाब उतरत नसेल, सकाळी डोकं जड असेल, रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागत असेल, तर चौथी गोळी किंवा प्रोस्टेटची गोळी देण्याआधी घोरण्याबद्दल आणि झोपेत श्वास थांबण्याबद्दल विचारायला हवं. या तिन्ही तक्रारींचं मूळ तिथे एकच असू शकतं.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा निष्कर्ष मात्र यातून काढू नका. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत पिढ्यानपिढ्या मूत्रपिंडं निकामी होत होती आणि मूत्रमार्गाचे कर्करोग होत होते. कारण निघालं गव्हाच्या शेतातलं अॅरिस्टोलोकिया नावाचं तण. त्याच्या बिया गव्हाबरोबर दळल्या जायच्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या वनस्पतींमध्ये त्याच कुळाचा अंश होता, आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची गेली. वनस्पतीचं औषधही त्या दोन रकान्यांच्या कागदावर लिहायचं ते यासाठी.

शिवाय जंगलाला स्वतःचं आरोग्य राखायचं नसतं. लांडगा हरणांची संख्या आवरावी म्हणून शिकार करत नाही. शरीरातल्या पेशींचं नशीब मात्र एकत्र बांधलेलं असतं, म्हणून तिथे नियंत्रण जास्त घट्ट असतं आणि काही बिघाड अगदी एकाच कारणाचे असतात. बी१२ कमी असेल तर बी१२ द्यायचं. जिवाणूजन्य मेंदूज्वरात प्रतिजैविक ताबडतोब द्यायचं, आतड्यातल्या जिवाणूंचा विचार नंतर. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातातली ताकद अचानक जाणं, बोबडं बोलणं यांत साखळ्या शोधत बसू नका. लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून घ्या आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो वेळ लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात; ती वेळ माहीत नसेल तर रुग्णाला शेवटचं ठीक असताना कुणी पाहिलं तेव्हापासून.